मंडळी आणि कुटुंब हे राजकीय उदारमतवादाला पर्याय ठरू शकतात का?

गुरुवारपेठकर

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात दर शनिवारी संध्याकाळी एका विषयावर वाचन चालू आहे आणि त्यातल्या एका प्रश्नापाशी मी अडलो आहे. चांगले जीवन कशाला म्हणावे हे ज्याचे त्याने ठरवावे, शासनाने त्यात तटस्थ राहावे आणि सगळ्यांचे हक्क तेवढे सांभाळावेत, असे मानणाऱ्या राजकीय उदारमतवादाला ख्रिस्ती मंडळी आणि ख्रिस्ती कुटुंब हाच खरा पर्याय आहे, असे काही विचारवंतांचे म्हणणे आहे. सद्गुण एकट्यादुकट्या माणसात उपजत नाहीत, त्यांना परंपरा लागते आणि ती जगणारा समुदाय लागतो, हे तत्त्वज्ञ ॲलिस्डेअर मॅकिंटायर यांनी १९८१ साली मांडले. ख्रिस्ती ईश्वरविद्येचे अभ्यासक स्टॅन्ली हॉवरवॉस त्याच्याही पुढे जाऊन म्हणतात की, जगाला न्याय शिकवण्याआधी मंडळीने मंडळी म्हणून जगून दाखवावे, तेच तिचे राजकारण.

मला हे पटते, आणि पटण्याचे कारण घरातले आहे. गेल्या पावसाळ्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. आम्ही आता वाकडला बारा मजली इमारतीत राहतो, तिथे शेजाऱ्यांचे आडनाव दारावरच्या पाटीमुळे ठाऊक. पाळकीणबाईंनी उपासनेच्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर रुग्णालयातल्या रात्रपाळ्या लिहून काढल्या आणि एकवीस रात्री कोणी ना कोणी वडिलांच्या खाटेशी बसले. त्यात रिक्षा चालवणारे एक काका होते आणि निवृत्त परिचारिका असलेल्या एक मावशी होत्या. दर दोन तासांनी कूस बदलताना दुखऱ्या हाताला धरून ओढायचे नाही, अंगाखालची चादर दोघांनी धरून तिच्यासकट वळवायचे, हे आईला त्या मावशींनी शिकवले. ते पत्रक अजून आमच्या फ्रिजवर आहे. हे कोणत्या हक्काने मिळाले असते? मग आपण हक्कांची भाषा बाजूला ठेवून मंडळी आणि कुटुंब यांवरच सारी भिस्त ठेवावी, असे म्हणणे चुकीचे आहे का?

सेमिनरीतला वाचक, नगर रोड

दादा, आपल्या प्रश्नातल्या दोन शब्दांकडे लक्ष वेधतो.

‘पर्याय’ या शब्दाने असे वाटते की शासनाच्या जागी मंडळी बसवायची आहे. हॉवरवॉस तसे म्हणत नाहीत. मंडळीने सत्ता हाती घ्यावी या कल्पनेलाच त्यांचा कडवा विरोध आहे. कॅथलिक सामाजिक शिकवणुकीची मांडणीही वेगळी आहे. कुटुंब, मंडळी, कामगारांची संघटना अशा लहान समूहांना जे साधते ते वरच्या सत्तेने बळकावू नये, हे तत्त्व पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली स्पष्ट शब्दांत मांडले, पण त्यात शासनाला रजा दिलेली नाही.

दुसरा शब्द ‘कुटुंब’. आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत असा निरोप आला तेव्हा प्रभूने भोवती बसलेल्यांकडे पाहून, हीच माझी आई आणि हेच माझे भाऊ, असे म्हटले (मार्क, अध्याय ३). म्हणजे रक्ताच्या नात्याला शुभवर्तमानात शेवटचा शब्द नाही. आपल्या वडिलांच्या खाटेशी बसलेले रिक्षावाले काकाही नात्याचे नव्हतेच. तेव्हा कुटुंब आणि मंडळी यांना एकाच श्वासात ठेवणे मला बरोबर वाटत नाही.

शिवाजीनगरची वकील

एकवीस रात्रींबद्दल वाचून डोळे भरून आले, आणि तरीही मला आपल्या निष्कर्षाला विरोध करायचा आहे.

माझी एक आत्या होती. नवरा मारायचा. १९८९ साली तिने सुटका मागितली तेव्हा ख्रिस्ती जोडप्यांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू होता. पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरत असे. पत्नीला मात्र व्यभिचार सिद्ध करूनही भागत नसे, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसत्या मारहाणीवर घटस्फोट नव्हता. तिच्या मंडळीतल्या पंचांनी तिला घरी बसवून प्रार्थना केली आणि सोसायला सांगितले. ती माणसे दुष्ट नव्हती. तिच्या बाळंतपणात डबे त्यांच्याच घरून आले होते. पुढची कित्येक वर्षे ती रविवारी शेवटच्या बाकावर बसत असे आणि पुष्कळदा आशीर्वादाआधीच उठून जाई. विवाहाचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बायबलमध्ये ठेवलेला असे, न जाणो कधी वकिलाला दाखवावा लागेल म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती जोड-अट घटनाबाह्य ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला. हा बदल मागणाऱ्यांत ख्रिस्ती स्त्रियाही होत्या आणि चर्चसंस्थाही होत्या, हे मी मुद्दाम नोंदवते; पण स्त्री आणि पुरुष कायद्यापुढे समान आहेत, या ज्या तत्त्वाच्या आधारे ही मागणी झाली, ते तत्त्व समुदायाचे नव्हते, संविधानाचे होते.

आपण गुरुवार पेठेतले आहात, तर पंचहौदाचा चहा आपल्याला ठाऊक असेलच. ऑक्टोबर १८९० मध्ये रानडे, टिळक आणि इतर प्रतिष्ठित माणसे तिथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेली, चहा पुढे आला, आणि त्या पेल्यावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, माजून प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. रानड्यांसारख्या न्यायाधीशालाही समुदायापुढे नमावे लागले, मग बाप्तिस्मा घेणाऱ्या साध्या माणसाचे काय होत असेल? धर्म सोडल्यामुळे किंवा जातीबाहेर टाकल्यामुळे वारसाहक्क बुडणार नाही, असे १८५० च्या कायद्याने ठरवले. कुटुंबाविरुद्ध आणि जातीविरुद्ध एकट्या व्यक्तीच्या मागे कायदा उभा राहिला, त्या आधारावर आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज ख्रिस्ती होऊन तग धरू शकले. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी, आम्ही गाव नव्हे तर व्यक्ती हे एकक धरले याचे समाधान बोलून दाखवले, तेव्हा समुदाय माणसाला कसा चिरडतो हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आपल्या मंडळ्यांतली बहुसंख्य घरे कोणत्या वस्त्यांतून आली, हे आपण विसरू नये.

केडगावची माहेरवाशीण

ताईंचे म्हणणे मला मान्य आहे, पण त्यावर थांबले तर पंडिता रमाबाईंची अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल.

१८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या धर्मभगिनींनी त्यांना आज्ञाधारकपणा शिकवू पाहिला, तेव्हा एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवून मी दुसरे मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचे बाणेदार उत्तर त्यांनी लिहिले. ताईंना हवी असलेली सदसद्विवेकबुद्धी ती हीच. परंतु दुष्काळात मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून रमाबाईंनी आणलेल्या मुली केडगावच्या माळावर जगल्या, त्या हक्कांच्या जाहीरनाम्यावर जगल्या नाहीत. विहिरी खोदल्या गेल्या, शेती, माग आणि छापखाना उभा राहिला, आंधळ्या मुलींसाठी वेगळे सदन झाले. विधवा, टाकलेल्या, अनाथ, अशा ज्यांना कुटुंबाने नाकारले त्यांचेच हे घर झाले. कोणत्या शासनाने त्या काळी हे केले असते? आणि कायद्याने दार उघडले तरी त्या दारातून बाहेर पडलेल्या बाईने रात्री जायचे कुठे, याचे उत्तर नुसत्या कायद्याने मिळत नाही. आपल्या आत्यांना न्यायालय मिळायला हवे होतेच, पण त्याआधी त्या रात्रीसाठी कुणाची तरी एक खोली हवी होती.

गुरुवारपेठकर

दोन दिवस उत्तर सुचले नाही. ‘पर्याय’ हा शब्द मी मागे घेतो. वडिलांच्या वेळी मंडळी आमच्या बाजूने उभी राहिली, म्हणून ती एखाद्याच्या विरोधात उभी राहिली तर त्याचे काय होते, हा विचारच माझ्या मनात आला नव्हता. मात्र तरुण संघात मी एवढे नक्की म्हणणार आहे की व्यक्तीला दार उघडून देणारी व्यवस्था आणि दाराबाहेर तिला घरात घेणारी माणसे, ही दोन्ही कामे एकाच हाताने होणारी नाहीत. काल आमच्या मंडळीची नियमावली काढून वाचली. वर्गणी, निवडणूक, दफनभूमी यांवर पानेच्या पाने आहेत; पंचांविरुद्ध किंवा घरातल्या छळाविरुद्ध एखाद्या सभासद बाईने कोणाकडे जावे, यावर एक ओळही नाही. ताई, अशी तक्रार ऐकणाऱ्या समितीत मंडळीबाहेरची व्यक्ती असावी का?

शिवाजीनगरची वकील

असावीच, आणि ती स्त्री असावी. नियमावली पाठवा, मी कलम लिहून देते. केडगावच्या ताईंनी सांगितलेल्या खोलीचाही त्यात उल्लेख करू; त्यासाठी आपल्या परिचारिका मावशींना आधी विचारा.