माळ्यावर डबाभर जुनी नाणी सापडली आहेत, मोल कसं कळेल? मदत हवी आहे

वाडीतला

नमस्कार मंडळी. गाव वेंगुर्ला तालुक्यात. पावसाआधी कौलं परतायला माणसं लावली होती, म्हणून माळा रिकामा केला. तिथे पणजोबांच्या पेटाऱ्यामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा मिळाला. आत धोतराच्या फडक्यात बांधलेली नाणी, एकूण १४३.

मला नाण्यांतलं शून्य कळतं. वाचता आलं तेवढं लिहितो. राणीछाप रुपये ११, त्यातले सात १८६२ चे. एकाला कडी डाखलेली आहे. राजाछाप नऊ. पावल्या, चवल्या मूठभर. ईस्ट इंडिया कंपनीचे १८३५ चे तांब्याचे पाव आणे वीसेक. भोकाचे पैसे ढीगभर. जाड वेडेवाकडे तांब्याचे तुकडे सहा, दोनांवर ‘छत्र पति’ स्पष्ट दिसतं. आजीचं माहेर पेडण्याचं, त्यामुळे गोव्याचे पोर्तुगीज एस्कुदो पण आहेत. एक भलंमोठं चांदीचं नाणं, पदर घेतलेली भरल्या अंगाची बाई आणि मागे दोन डोक्यांचा गरुड, साल १७८०! आणि एकावर हनुमान, मागे ईस्ट इंडिया कंपनी, १८१८. काकांच्या मते हे शेवटचं एकटंच लाखाचं आहे.

अडचण अशी की वाटेकरी चार. बाजारात एका सराफाने डबा नुसता हातात तोलून ‘सगळं मिळून घेतो’ म्हणत आकडा सांगितला. काका तयार आहेत. मी महिनाभर थांबवलंय. कोणती नाणी बाजूला काढू?

तांबडा पैसा

सगळ्यात आधी: काहीही घासू नका. चिंच नको, राख नको, टूथपेस्ट तर नकोच.

वाडीतला

उशीर झाला हो. तुमचं वाचून मागल्या पडवीत धावलो तर आजी म्हणते, ‘काळेकुट झाल्ले, म्हणान सोलांनी घासून ठेवलंय. आता बघ कशे चकचकतत!’ पाव आणे सगळे आणि त्या जाड सहा तुकड्यांतले चार लालभडक झालेत. रुपयांना हात लावला नव्हता, ते उचलून कपाटात ठेवले.

तांबडा पैसा

आजीला काही बोलू नका. पाव आण्यांचं फार बिघडलं नाही, १८३५ चे ते इतके पाडले गेले की आजही ढिगाने मिळतात. शिवराईचं, म्हणजे त्या जाड ‘छत्र पति’वाल्या तांब्याच्या नाण्यांचं, वाईट वाटलं. तांब्यावरची ती काळी-तपकिरी साय हाच तिच्या वयाचा पुरावा, संग्राहक आधी ती बघतो. घासलेली शिवराई परत काळी पडेल, पण ओरखडे जात नाहीत.

उरलेल्या दोन शिवराया नीट बघा. ‘छत्र’ आणि ‘पति’ या दोन ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी. ती खूप नंतरपर्यंत चालली, इंग्रजी अमलातही, म्हणून स्वस्त. रेघा नसतील, अक्षर सुबक असेल आणि वजन ११ ग्रॅमच्या पुढे भरत असेल, तर दाखवल्याशिवाय विकू नका. वजनाचा काटा आहे का?

वाडीतला

बहिणीचा केकसाठीचा काटा आहे. एक ८.९ ग्रॅम, रेघा दिसतात. दुसरी १२.१, रेघा दिसत नाहीत. पण अर्धी झिजलेली आहे.

तांबडा पैसा

दुसरी वेगळ्या पाकिटात ठेवा.

आता रुपये. जुना चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात साधारण ९२ टक्के चांदी. सराफाने यापेक्षा कमी चांदी धरली असेल तर ते तुमचं नुकसान. १८६२ पाहून हुरळू नका, ते साल पुढे कित्येक वर्षं तसंच छापत राहिले. कडी डाखलेला रुपया संग्राहकाच्या दृष्टीने बाद, चांदीच्या भावातच जाईल. राजाछापांची सालं मात्र एकेक करून लिहा. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच. १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा, चुंबकाला चिकटतो, चांदीच्या ढिगात गेला असेल तर काढा.

१९११ चा पंचम जॉर्ज आहे का? त्याच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून बोंब झाली आणि तो रुपया मागे घेतला गेला. आणि १९३९ चा सहावा जॉर्ज निघाला तर आधी संशय घ्या. तो दुर्मीळ, म्हणूनच साल बदललेले नकली पुष्कळ.

१७८० ची बाई म्हणजे ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा. ती १७८० मध्ये वारली, पण तेच साल घालून ते नाणं त्यानंतरही पाडत राहिले, कारण तांबड्या समुद्राच्या बाजूला व्यापारी दुसरं नाणं घेईनात. वजन २८ ग्रॅम भरलं पाहिजे. घरात कुणी आगबोटीवर होतं का?

वाडीतला

पणजोबा खलाशी होते, एडनपर्यंत जायचे असं आजी सांगते! वजन २८.०. १९११ नाही, १९१२ आणि १९१८ आहेत. १९३९ नाही. वाघाचे दोन होते, आमच्या चांदीच्या ढिगातच.

कातळावरचा

हनुमानाचं कुणीच बोललं नाही, मी सांगतो. कंपनीने राम, हनुमान, लक्ष्मी छापलेली नाणी कधी पाडलीच नाहीत. १८१८, १६१६ अशी सालं घालून ती नंतर बनवून विकली. काकांना हळूच सांगा.

एक विचारतो, डबा नक्की माळ्यावरच मिळाला ना? जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं.

वाडीतला

माळ्यावरच, कौलं उतरवणारे चार जण साक्षीला होते. पण बरं झालं विचारलंत. काका काल तुळशीवृंदावनाशेजारी खणायचं म्हणत होते.

अजून एक घोळ. चुलतभावाने नाण्यांचे फोटो कुठल्याशा जाहिरातीतल्या नंबरवर पाठवले. समोरून उत्तर आलं, ‘नऊ लाख देतो, आधी नोंदणीचे १,२५० भरा.’ सोबत रिझर्व्ह बँकेचं चिन्ह असलेलं पत्र.

तांबडा पैसा

नंबर ब्लॉक करा, भावाकडून आजच. रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेत नाही आणि असलं शुल्कही मागत नाही, २०२१ मध्ये त्यांनी तसं जाहीर सांगितलंय. तुमच्या जागी मी इतकंच करेन: नाणेलिलावांत आधी *झालेले* भाव बघेन, मागितलेले नाही. आणि ती १२ ग्रॅमची शिवराई घेऊन एकदा नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत जाऊन येईन.

तोवर मऊ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, तुमच्याकडच्या दमटपणात हिरवा चिकटा धरतो. एकेक नाणं आम्ल नसलेल्या (ॲसिड-फ्री) कागदात गुंडाळा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. विकतच्याच हव्यात असं नाही, बुटांच्या खोक्यात येतात त्या चालतात.

वाडीतला

काल रात्री चौघं बसलो. ठरलं ते असं: चांदीचे साधे रुपये वजनावर, चौघांत सारखे. शिवराई दाखवून येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. कडीवाला रुपया आजीने मागून घेतला, तो तिच्या सासूच्या गळ्यात होता म्हणे. पणजोबांची एडनची बाई विकायची नाही यावर पहिल्यांदाच एकमत झालं, फक्त ती कुणाच्या घरी राहणार यावर भांडण चालू आहे. हनुमान काकांनी देव्हाऱ्यात ठेवला.

शिवराईच्या दोन्ही बाजूंचे फोटो रविवारी टाकतो. वाडीत रेंज नाही, घाटीवर चढून जावं लागतं.