टर्मिनलवर ‘६४ एम’, ब्राउझरमध्ये ‘१० एम’: पीएचपी स्क्रिप्टमधून सेटिंग वाचताना कोणता आकडा खरा मानावा?

दप्तरदार

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयातील मोडी कागदपत्रांच्या स्कॅन प्रती स्वयंसेवकांना घरून अपलोड करता याव्यात, म्हणून मी पीएचपीमध्ये एक लहानसे पान लिहिले आहे. एकेक प्रत साधारण १४ ते २० एमबीची असते. फाइल निवडण्यापूर्वीच ‘कमाल आकार इतका’ अशी सूचना दिसावी आणि तो आकडा मी हाताने न लिहिता सर्व्हरच्या सेटिंगमधूनच वाचला जावा, असा माझा प्रयत्न आहे.

सर्व्हरवर डेबियन १२, पीएचपी ८.२ आणि एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे. ‘पीएचपी.आयएनआय’ या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ’ची, म्हणजे एका फाइलच्या कमाल आकाराची, किंमत मी ६४ एम (६४ एमबी) केली. ‘आयएनआय_गेट’ने ती वाचणारी दोन ओळींची स्क्रिप्ट टर्मिनलवर चालवली की ६४ एम दिसते, तीच स्क्रिप्ट ब्राउझरमधून उघडली की १० एम दिसते. एनजिनएक्स दोनदा रीस्टार्ट करून झाला. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘आयएनआय_सेट’ने किंमत वाढवून पाहिली, तर ते फंक्शन ‘फॉल्स’ परत करते. शिवाय आकाराची तपासणी करणारी माझी ओळ तर १०० केबीची फाइलसुद्धा ‘फार मोठी’ म्हणून नाकारते.

जाता जाता आणखी एक. डेटाबेसचा पासवर्ड आणि ‘देखभाल सुरू आहे की नाही’ यांसारखी माझी स्वतःची सेटिंग कुठे ठेवावीत? ‘पार्स_आयएनआय_फाइल’ वापरून पाहिले, पण पासवर्डच्या ओळीवर सिंटॅक्स एरर येते.

घाटमाथा

दप्तरदार, आपण बहुधा चुकीच्या घरात दिवा लावला आहे. डेबियनमध्ये पीएचपीच्या सेटिंगच्या फोल्डरात ‘सीएलआय’ (टर्मिनलसाठी) आणि ‘एफपीएम’ (वेब सर्व्हरसाठी पीएचपी चालवणारी सेवा) असे दोन स्वतंत्र फोल्डर असतात आणि दोन्हींत ‘पीएचपी.आयएनआय’ याच नावाची वेगवेगळी फाइल असते. टर्मिनलवरची स्क्रिप्ट पहिली फाइल वाचते, तर ब्राउझरकडून आलेली विनंती एफपीएमकडे जात असल्यामुळे तिच्यासाठी दुसरी फाइल लागू होते. खात्रीसाठी स्क्रिप्टमध्येच ‘पीएचपी_आयएनआय_लोडेड_फाइल’ या फंक्शनला विचारावे. चालू प्रक्रियेने कोणती फाइल उचलली, त्याचा पूर्ण मार्ग ते सांगते. एनजिनएक्स रीस्टार्ट करून उपयोग नाही, कारण ही फाइल तो वाचतच नाही. एफपीएमची सेवा रीलोड करावी लागेल.

एक गोष्ट मात्र मला खटकते. या सेटिंगची मूळ किंमत २ एम असते. आपल्याला १० एम दिसते आहे, म्हणजे ती कोणीतरी, कुठेतरी मुद्दाम लिहून ठेवलेली आहे.

सदाशिवपेठी

वरील उत्तरातला शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्याचा माग काढण्याची सोय पीएचपीतच आहे. ‘गेट_सीएफजी_व्हार’ आणि ‘आयएनआय_गेट’ ही दोन फंक्शने एकाच पानावर शेजारी शेजारी चालवून पाहा. पहिले फंक्शन आयएनआय फाइलींमध्ये काय लिहिले आहे ते सांगते. दुसरे या क्षणी प्रत्यक्ष कोणती किंमत लागू आहे ते सांगते. दोन्ही उत्तरे वेगळी आली, तर फाइल आणि आपली स्क्रिप्ट यांच्या मध्ये कोणीतरी बसले आहे असे समजावे: एकतर एफपीएमच्या पूलची (त्याच्या कामगार प्रक्रियांच्या गटाची) फाइल, नाहीतर त्या फोल्डरातली किंवा वरच्या फोल्डरातली ‘.यूझर.आयएनआय’. या दुसऱ्या फाइलीतला बदल लगेच दिसत नाही, कारण ती मुळात ३०० सेकंदांनीच पुन्हा वाचली जाते. या पाच मिनिटांपायी मी एकदा संपूर्ण दुपार घालवली आहे.

‘आयएनआय_सेट’ने ‘फॉल्स’ देणे योग्यच आहे. अपलोड केलेली फाइल स्क्रिप्टची पहिली ओळ चालण्याआधीच स्वीकारून झालेली असते, त्यामुळे तिच्या आकाराची मर्यादा स्क्रिप्टच्या आतून वाढवू देण्याला काही अर्थच उरत नाही. म्हणून हे सेटिंग फक्त आयएनआय फाइल, पूल किंवा फोल्डर यांच्या पातळीवरच बदलता येते. ‘मेमरी_लिमिट’ तसे नाही, ते चालू स्क्रिप्टमधूनही बदलता येते.

आता १०० केबीची फाइल नाकारली जाण्याबद्दल. ‘आयएनआय_गेट’ आपल्याला संख्या देत नाही, ‘१० एम’ ही अक्षरांची ओळ जशीच्या तशी देते. ती आपण पूर्णांकात बदलली, तर ‘एम’ गळून पडतो आणि केवळ १० उरतात. फाइलचा आकार मात्र बाइटमध्ये असतो. म्हणजे आपली स्क्रिप्ट प्रत्येक फाइलीची तुलना १० बाइटशी करते आहे! पीएचपी ८.२ पासून ‘आयएनआय_पार्स_क्वांटिटी’ हे फंक्शन आले आहे. त्याला ‘१० एम’ दिले की ते १०४८५७६० परत करते.

केवळ याच एका सेटिंगवर विसंबून सूचना लिहू नये. ‘पोस्ट_मॅक्स_साइझ’ची मर्यादा संपूर्ण फॉर्मला लागू होते आणि ती ओलांडली गेली, तर फाइलच काय, फॉर्ममधली नाव-गावाची माहितीसुद्धा स्क्रिप्टपर्यंत पोहोचत नाही; फॉर्मची माहिती आणि फाइली ठेवणारे दोन्ही ॲरे (याद्या) रिकामे येतात आणि वापरणाऱ्याने काहीच भरले नाही असे वाटते.

कोकणकडा

पासवर्डविषयी: आयएनआय फाइलमध्ये कंस, उद्गारचिन्ह, ‘अँड’चे चिन्ह यांना विशेष अर्थ आहे. किंमत अवतरणचिन्हांत लिहा, एरर जाईल. पासवर्डमध्ये डॉलरच्या चिन्हापुढे महिरपी कंस असेल, तर मात्र दुहेरी अवतरणातही तो व्हेरिएबल समजून बदलला जातो.

‘देखभाल’च्या ओळीत ‘ऑफ’ लिहिले असेल, तर नेहमीच्या पद्धतीने वाचताना हाती रिकामी ओळ येते, ‘ऑफ’ हा शब्द नव्हे. वाचताना ‘आयएनआय_स्कॅनर_टाइप्ड’ हा पर्याय द्यावा, म्हणजे खरा ‘फॉल्स’ मिळतो.

मी स्वतः मात्र अशी फाइल ठेवत नाही. पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या किमतीत) ठेवून ‘गेटएन्व्ह’ने वाचतो.

सदाशिवपेठी

कोकणकडा यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, निदान दप्तरदारांच्या बाबतीत. एफपीएममध्ये ‘क्लिअर_एन्व्ह’ हे सेटिंग मुळातच चालू असते, म्हणून बाहेरचे व्हेरिएबल कामगार प्रक्रियांपर्यंत पोहोचत नाहीत. पूलच्या फाइलमध्ये प्रत्येकाची ओळ वेगळी लिहावी लागते, म्हणजे फिरून पासवर्ड फाइलमध्येच आला. शिवाय कोणी तपासणीसाठी ‘पीएचपीइन्फो’चे पान ठेवून विसरले, तर तो पासवर्ड जगाला दिसतो. एका लहान सर्व्हरसाठी साधी फाइल पुरेशी आहे. ती वेबसाइटच्या मूळ फोल्डरच्या बाहेर ठेवावी, कारण आत ठेवली तर पत्ता ओळखणाऱ्या कोणालाही एनजिनएक्स ती साध्या मजकुरासारखी वाढून देईल. मालक रूट, गट वेब सर्व्हरचा आणि परवानगी ६४०, म्हणजे झाले.

कोकणकडा

कंटेनरमध्ये काम करणाऱ्याला माझीच पद्धत सोयीची पडते. पण येथे एकच सर्व्हर आहे, तेव्हा मान्य.

दप्तरदार

सर्वांचे आभार. ‘एफपीएम’मधील फाइलमध्ये ६४ एम लिहून सेवा रीलोड केली, तरीही पान १० एमच दाखवत होते. मग दोन्ही फंक्शने शेजारी शेजारी चालवली. ‘गेट_सीएफजी_व्हार’ने ६४ एम सांगितले, ‘आयएनआय_गेट’ने १० एम. पूलच्या फाइलमध्ये अगदी तळाशी आयएनआय फाइलवर मात करणाऱ्या ‘पीएचपी_ॲडमिन_व्हॅल्यू’च्या दोन ओळी सापडल्या; एकीत अपलोडसाठी १० एम आणि दुसरीत पोस्टसाठी १२ एम. माझ्या आधी हा सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी त्या लिहिल्या असाव्यात. त्या काढल्या, आयएनआय फाइलमध्ये पोस्टची मर्यादा ७० एम केली आणि पुन्हा रीलोड केले.

त्यानंतर पहिलीच १४ एमबीची प्रत पाठवली, तर ४१३ क्रमांकाची एरर आली. ती एनजिनएक्सची निघाली: त्याच्या ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ’मध्येही कोणीतरी १२ एम लिहून ठेवले होते. तेथेही ७० एम केले. एनजिनएक्सचे सेटिंग पीएचपीला वाचता येत नसल्याने पानावरचा आकडा आता पीएचपीच्या दोन किमतींमधला जो लहान तो बाइटमध्ये काढून दाखवतो, आणि एनजिनएक्सच्या फाइलमध्ये ‘हा आकडा पीएचपीच्या पोस्ट मर्यादेपेक्षा कमी करू नये’ अशी टीप लिहून ठेवली आहे.