अनुभव धागा : तुमच्याकडे ‘लाईन’ म्हणजे काय?

मुंबईत नोकरीच्या पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "कुठली लाईन?" मला वाटलं, काम विचारतोय. "अकाउंट्स," म्हटलं. त्याला हवं होतं वेस्टर्न, सेंट्रल की हार्बर! आता दादरचा पूल चढताना मीही नव्या मुलींना तेच विचारते. मुळात लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस आणि त्याच्या धाग्यावरून आली लाईन. आमच्या यवतमाळला त्याच जवसाची चटणी रोज पानात असते, म्हणून हे कळल्यावर फार आनंद झाला. तुमच्याकडची लाईन सांगा.

अकोला जिल्हा : आमच्याकडे लाईन म्हणजे वीज. "लाईन आली का?" हे रोजचंच. पंपाची थ्री फेज लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की बाबा बाराला उठून हरभऱ्याच्या ओलिताला जायचे. खांद्यावर फावडं, हातात बॅटरी, डोक्याला मफलर. मध्येच लाईन गेली की धुऱ्यावर शेकोटी करून बसायचे, कारण घरी आलं अन् लाईन आली तर तेवढं पाणी गेलं. दिवसा लाईन द्या, एवढंच तर मागणं असतं शेतकऱ्याचं.

पुणे : मुलीच्या मागे फिरण्याला ‘लाईन मारणं’ म्हणतात. कॉलेजच्या वाटेवर मला त्याचा त्रासच झाला. हा अर्थ गेला तर बरं.

सोलापूर : मी पोलीस लाईनीत वाढले. दोन खोल्या, चार घरांत एक नळ. विसर्जनाला सगळ्यांचेच वडील बंदोबस्तावर, त्यामुळे लाईनीतल्या गणपतीची आरती आया आणि आम्ही पोरंच करायचो. पप्पा दुसऱ्या दिवशी यायचे. बूट काढले की मोजे पायाला चिकटलेले असायचे, आई कोमट पाण्याने सोडवायची. "लाईनीतली पोरं" म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

नाशिक : मी नर्स आहे. आमची लाईन सलाईनची. एका रात्री आजींचा हात सुजला, तेव्हा सोबतच्या सिस्टरला म्हटलं, "लाईन गेली गं." आजी बुलढाण्याकडच्या. डोळे न उघडताच म्हणाल्या, "मंग कंदील लाव ना बाई." मी त्यांच्या उशाचा दिवा लावला, "लावला बरं का आजी," म्हटलं आणि मग दुसऱ्या हाताची शीर शोधायला बसले.