लघवीला जळजळ, ३ आठवडे झाले, प्रोस्टेट असेल का?

वय ४७, कोथरूडला राहतो. मेडिकलमधून ५ दिवस अँटिबायोटिक आणून घेतली, तेवढ्यापुरतं बरं वाटलं आणि परत सुरू, रात्री ४ वेळा उठतोय, बायको म्हणते उन्हाळी लागलीये, धने-जिऱ्याचं पाणी प्या.

— उन्हाळी ३ आठवडे नसते हो दादा! मनाने गोळ्या खाऊ नका, पुढची अँटिबायोटिक चालू करायच्या आधी युरीन कल्चर (लघवीत कोणते जंतू आहेत ते बघायची तपासणी) करा. प्रोस्टेटला इन्फेक्शन असेल तर ५ दिवसांत भागत नाही, मला ४ आठवडे कोर्स होता.

— पीएसएची (प्रोस्टेट कॅन्सरच्या शंकेसाठी करतात ती रक्ततपासणी) घाई नको, इन्फेक्शनमध्ये तो तसाही वाढतो, माझा रिपोर्ट बघून घरात रडारड आणि नंतर नॉर्मल.

— थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा.

— थँक्यू, उद्या युरॉलॉजिस्टकडे जातो. धन्याचं पाणी चालूच आहे, पर्याय नाही.