टेनिस एल्बो: मालिश की व्यायाम? लवकर सांगा

द्राक्षवेल_निफाड:
कोपर दुखतंय, डॉक्टर म्हणाले टेनिस एल्बो. टेनिस बापजन्मात खेळलो नाही. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, फरक शून्य. नाशकात फिजिओकडे गेलो तर मालिशने जाईल का? पंधरा दिवसांत हात चालायला हवा.

कोपरखळी:
दुखतं कोपराच्या आतल्या बाजूने की बाहेरच्या? किती दिवस? काम काय करता? (मी फिजिओ आहे.)

सिडकोचा_काका:
तिळाचं तेल कोमट करून चोळा, वर रुईच्या पानाने शेका. बाकी सगळे पैशाचे धंदे.

द्राक्षवेल_निफाड:
बाहेरून, उजवा. काम नेहमीचंच.

कोपरखळी:
नेहमीचं म्हणजे?

द्राक्षवेल_निफाड:
अहो द्राक्षबाग आहे. मजूर मिळेनात म्हणून एप्रिलची खरड छाटणी बरीचशी मीच केली, तेव्हापासून. आता चहाचा कप उचलतानाही कळ येते. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय.

बागायतदार७७:
थॉमसन जातीची द्राक्षं का? सबकेन (काडीचा शेंडा खुडून बगलफूट वाढवणं) केली होती ना?

गंगापूररोडकर:
सरळ इंजेक्शन घ्या. मला तिसऱ्या दिवशी आराम.

कोपरखळी:
परत दुखलं का, तेही लिहा की.

गंगापूररोडकर:
दुखलं, पण ते फ्रीज सरकवला म्हणून.

कोपरखळी:
तेच ते. त्या इंजेक्शनातल्या स्टिरॉइडने काही आठवडे बरं वाटतं. २०१३ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात वर्षाच्या आत दुखणं उलटलेले इंजेक्शनवालेच जास्त निघाले.
भाऊ, नुसत्या मालिशने भागणार नाही. फिजिओ कोपर बाजूला सरकवून धरतात आणि तुम्हाला मूठ आवळायला लावतात. तेव्हा कळ कमी झाली तर तो उपचार चालतो. पण खरं काम व्यायामाचं. हात टेबलावर पालथा, मनगट कडेबाहेर. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली धरा, डाव्या हाताने मनगट वर उचलून द्या, मग उजव्यानेच पाच मोजत खाली सोडा. दहा वेळा, असे तीन फेरे. दीड-दोन महिने लागतात, पंधरा दिवस विसरा. पट्टा कुठे बांधता?

द्राक्षवेल_निफाड:
कोपरावर. अजून कुठे?

कोपरखळी:
दोन बोटं खाली!

क्रिकेटवेडा:
सचिनला २००४ मध्ये हेच झालं होतं. शेवटी ऑपरेशन.

सिडकोचा_काका:
त्याने तेल लावलं नसणार.

बागायतदार७७:
बॅटरीची कात्री घ्या. आणि सबकेनचं राहिलंच.

द्राक्षवेल_निफाड:
बाटली भरली. सातव्या वेळी कळ आली. थांबू का?

कोपरखळी:
कळ दहापैकी किती? आणि बोटांना मुंग्या येतात का?