रात्रपाळीवर पीएचडी: तयार प्रश्नावली की मुलाखती?

प्रश्न: मी ११ वर्षं परिचारिका म्हणून रात्रपाळी केली. आता परिचारिकांची झोप आणि मनःस्वास्थ्य यावरच संशोधन करतेय. मार्गदर्शक म्हणतात, तयार प्रश्नावलीच वापर. पण पहाटे चारला हात जड होतात, ते तिच्यात कुठे येणार?

उत्तर १: डब्ल्यूएचओ-५ ही मनःस्वास्थ्याची तयार प्रश्नावली घ्याच. पाचच प्रश्न, गेल्या २ आठवड्यांबद्दल. बेरीज ० ते २५, तिला ४ ने गुणलं की शंभरपैकी गुण. दमलेली बाईही भरू शकते. झोपेसाठी पिट्सबर्ग निर्देशांक ही दुसरी प्रश्नावली.

उत्तर २: जड हातांसाठी मुलाखती घ्या ना! मात्र नैतिकता समितीची मंजुरी आधी.

प्रश्नकर्ती: सहकारीणच विचारतेय म्हटल्यावर नाही म्हणणं त्यांना अवघड जाईल, हीच काळजी आहे.

उत्तर २: मग तुमचा वॉर्ड वगळा.