प्रत्येक पॉवर प्रेसला लाइट कर्टन सक्तीचा हवा का?

टूलरूमवाला: वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत बोटं तुटतात ती बहुतेक पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्रावर. चाकण-भोसरी पट्ट्यात असे हात मी खूप पाहिलेत. लाइट कर्टन म्हणजे डायसमोर, पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यासमोर, इन्फ्रारेड किरणांचा पडदा. हात आत गेला की किरण तुटतो आणि स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा फटका, मध्येच थांबतो. रोबो आणायच्या गप्पा नंतर मारा, आधी हा बसवा. यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा घाला, हे 1948 च्या कारखाने कायद्यातच होतं. सक्ती करायला अजून किती बोटं जायला हवीत?

भोसरीचा उद्योजक: माझ्या शेडमधल्या सगळ्या प्रेस जुन्या, की-क्लचच्या. एकदा पायडल दाबलं की फेरा पूर्ण होईपर्यंत रॅम, म्हणजे वरून दाबणारा जड भाग, थांबतच नाही. तिथे किरण तुटून उपयोग काय? म्हणजे तुमची सक्ती मला नव्या प्रेस घ्यायला लावणार. मोठ्या कंपन्या जॉबचा रेट ठरवताना हा खर्च धरतात का? आणि एवढं करून पोरं सेन्सर बायपास करतातच, म्हणजे तो चुकवून प्रेस चालवतात.

प्रेस ऑपरेटर: पोरं बायपास करतात म्हणे! बायपासची चावी कोणाच्या खिशात असते ते सांगा ना साहेब. प्रेस थांबली की पीस कमी पडतात, पीस कमी पडले की आमचे पैसे कापतात. शिफ्ट संपत आली की सुपरवायझरच येऊन चावी फिरवतो. अपघात झाला की मात्र कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’.

कंट्रोल पॅनेलवाला: की-क्लचबद्दल उद्योजकांचं म्हणणं खरं आहे. तिथे कर्टन लावणं म्हणजे खोटा धीर देणं, ते न लावण्यापेक्षा वाईट. अशा प्रेसला पत्रा सरकेल पण बोट शिरणार नाही असा पक्का पिंजरा हवा. न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या क्लचची प्रेस मध्येच थांबवता येते; तिच्यावर कर्टन चालतो, पण अंतर मोजून. हात सेकंदाला 2 मीटर वेगाने येतो असं धरतात. प्रेस थांबायला 0.2 सेकंद लागत असतील, तर पडदा डायपासून किमान 40 सेंटीमीटर लांब हवा. जागा नाही म्हणून तो डायला चिकटवला, तर हात प्रेसच्या आधी पोचणार. आणि दोन्ही हातांनी बटणं दाबायची सोय फक्त ऑपरेटरला वाचवते, शेजारी पत्रा धरणाऱ्या हेल्परला नाही.

टूलरूमवाला: मग सक्ती अशी करा: थांबू शकते त्या प्रेसला कर्टन, थांबत नाही तिला पिंजरा. उघड्या डायवर काम बंद. पिंजऱ्याला नवी प्रेस लागत नाही.

भोसरीचा उद्योजक: आमच्याकडे लॉट छोटे, दिवसातून तीनदा डाय बदलते. दर वेळी पिंजरा काढून बसवायचा वेळ कोण देणार?

कायदा वाचणारा: सक्ती करणार तरी कोणावर? 2020 च्या व्यवसाय सुरक्षा संहितेत विजेवर चालणारा कारखाना ठरण्याची मर्यादा 10 कामगारांवरून 20 वर नेली. दोन प्रेस आणि आठ माणसांच्या शेडमध्ये तपासायला कोण जाणार? माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीलाच जबाबदार धरा.

प्रेस ऑपरेटर: धरा. पण तोवर पीसवरचा पगार बंद करा, त्याला कुठलाच सेन्सर लागत नाही.